‘उचलून नेऊ की!’ : सड्यावरची कातळशिल्पं आणि व्हीलचेअर

प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत : कातळातच कोरलेली जुनी चित्रं. गावानं आणि मुंबईकर मंडळानं मिळून चारेक लाख रुपये जमवलेत. त्यातून रस्त्यापासून चित्रांपर्यंत सिमेंटची पायवाट, चित्रांभोवती लोखंडी कठडा आणि वरून बघायला शिडी लावलेलं बारा फुटी मचाण, असं काम ठरलंय. विचारणाऱ्यांचा चुलतभाऊ अपघातानंतर व्हीलचेअर वापरतो. बैठकीत त्यानं विचारलं, ‘मचाणावर मी कसा चढणार?’ सगळे एका सुरात म्हणाले, ‘उचलून नेऊ की!’ भाऊ गप्प बसला. तेवढ्याच पैशांत हीच जागा अपंगांनाही नीट बघता येईल अशी करता येते का, एवढंच विचारलंय.

येते. पण ठरलेल्या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील. कठडा तर बहुतेक रद्दच करावा लागेल.

मी वास्तुविशारद. गेली वीस-बावीस वर्षं इमारती आणि मोकळ्या जागा अपंगांना वापरता येतात का, हे तपासून दुरुस्त्या सुचवायचं काम करतो. डाव्या पायाला लहानपणापासून कॅलिपर (पायाला आधार देणारा साचा) आहे, त्यामुळे निम्मी तपासणी तसाही पायच करतो. (सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ लिहा, मला ‘अपंग’ म्हणा, काही बिघडत नाही. बिघडतं ते मी समोर असताना सोबतच्या माणसाला ‘यांना चहा चालेल का?’ विचारल्यावर.)

‘उचलून नेऊ’मागे प्रेम असतं, हे मान्य. पण मणक्याला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली बहुधा संवेदना नसते. उचलताना मांडी कुठे घासली, टाच कुठे आपटली, ते त्याला संध्याकाळी कपडे बदलताना कळतं आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. बॅटरीवर चालणारी खुर्ची माणसासकट उचलायची तर दीडशे किलोच्या पुढचं ओझं होतं, तेही खडबडीत कातळावरून. दुसरी गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. उचलून नेलेला माणूस नीट बघत नाही. चार पोरं घाम पुसत उभी असतात, म्हणून तो दोन मिनिटांत ‘छान आहे, चला’ म्हणतो. तुमच्या भावाला अर्धा तास एकट्यानं तिथे बसावंसं वाटलं तर? ते जमलं पाहिजे, हे धरून पुढचं सगळं वाचा.

आता मुख्य मुद्दा. किल्ल्याला पायऱ्या असतात, लेण्याला चढ असतो. तिथला अडथळा कुणालाही दाखवता येतो. कातळशिल्पाची गंमत वेगळी आहे. चित्र जमिनीवर आडवं पसरलेलं असतं, रेघ जेमतेम बोटभर खोल. सड्यापर्यंत सपाट डांबरी रस्ता आला तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला तिथे पोचून काही दिसेलच असं नाही. किंबहुना उभ्या माणसालाही धड दिसत नाही. तुमच्याच तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची गर्दी. त्याच्या पायाशी उभे राहा, रेघांचा गुंता सोडून काही हाती लागत नाही. म्हणजे उंचीची गरज सगळ्यांनाच आहे. तुमच्या मंडळाला मचाण सुचलं ते यामुळेच, आणि ते बरोबरच सुचलं. फक्त शिडी लावल्याबरोबर ज्याला त्या उंचीची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच खाली राहिला.

सगळ्यात जास्त का, ते मोजून बघा. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, खुर्चीत बसलेल्याचा सव्वा मीटरच्याही खाली, १.१५ धरा. दहा मीटरवरच्या रेघेकडे उभा माणूस साडेआठ अंशांतून बघतो, बसलेला साडेसहा. तीन मीटर लांबीची आकृती इतक्या तिरक्या नजरेला पस्तीसेक सेंटिमीटरची चपटी पट्टी होते. आता त्याच खुर्चीला दीड मीटर उंच नेऊन ठेवा. नजर पंधरा अंशांवर येते आणि तीच आकृती पाऊण मीटरच्या पुढे जाते, म्हणजे दुप्पट. बारा फुटांची गरजच नाही. पाच फुटांत चित्र उलगडतं, आणि पाच फुटांना उतार लावणं आवाक्यातलं आहे. मचाणाच्या जागी उताराचा चौथरा करा म्हणतो, ते याच हिशेबावर.

उताराचं गणित : एकास बारा म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. ही कमाल मर्यादा आहे, पण लोक तिला आदर्श माप समजतात. हातानं खुर्ची चालवणाऱ्याला एकास बारा चढून गेल्यावर दम लागतो. तुमच्याकडे जागेची टंचाई नाही, सडा मोकळा पडलाय, तर एकास पंधरा घ्या. दीड मीटरला साडेबावीस मीटर उतार, दर नऊ मीटरच्या आत दीड मीटरचा सपाट टप्पा, म्हणजे एकूण साडेपंचवीस मीटर. रुंदी दीड मीटर. वरचा चौथरा निदान तीन बाय चार मीटर, म्हणजे एक खुर्ची वळत असताना दुसरी उभी राहू शकेल आणि सोबत शाळेची पाच-सहा पोरंही मावतील. आडवा उतार पन्नासास एकपेक्षा जास्त नको, नाहीतर खुर्ची सारखी एका बाजूला ओढत राहते आणि माणसाचा एकच खांदा दुखतो.

त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. सड्यावर चित्रांच्या जवळपास नैसर्गिक उंचवटा आहे का? बऱ्याच ठिकाणी असतो. शे-दीडशे फुटांचा वळसा घेऊन त्या उंचवट्यावर हळूहळू चढणारी वाट काढता आली तर बांधकामच वाचतं. भावाला सोबत न्या आणि मोबाईल जमिनीपासून १.१५ मीटरवर धरून फोटो काढत फिरा. बसलेल्या डोळ्याची उंची जवळजवळ तीच असते.

चौथरा बांधायचाच झाला तर चित्रांच्या दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. चौथरा उत्तरेला केलात तर बघणाऱ्याच्या डोळ्यात ऊन आणि कातळावर नुसती चमक. दक्षिणेला असला की ऊन पाठीशी राहतं आणि सकाळ-संध्याकाळ ते तिरपं पडून रेघेत सावली भरते. फक्त चित्रांपासून चार-पाच मीटर मागे सरका, नाहीतर डिसेंबरच्या दुपारी चौथऱ्यावर घालायच्या मांडवाची सावली थेट चित्रांवर पडेल. आणि चौथऱ्याचा कठडा भरीव नको! चिऱ्यांची कंबरभर भिंत उभ्या माणसाला शोभिवंत वाटते, बसलेल्याला मात्र तिच्यामागे जवळची सगळी चित्रं झाकली जातात. बारीक उभे गज लावा. हाताला धरायला ७६० आणि ९०० मिलिमीटरवर असे दोन गोल पाइप, आणि उताराच्या कडेला चार बोटं उंच ओठ, चाक घसरू नये म्हणून.

बांधायचं कशानं? सिमेंटनं नाही. हे ऐकून गवंडी नाराज होईल, पण यात तडजोड करू नका. बरीच कातळशिल्पं माती-गवताच्या थराखालीच सापडली आहेत. आज तुम्हाला जिथे रेघ दिसत नाही, तिथे दोन इंच मातीखाली माशाची शेपटी असू शकते. काँक्रीट ओतलं की ती कायमची गेली. म्हणून आधी जागा हलक्या हातानं झाडून पुरातत्त्वाच्या जाणकाराकडून तपासून घ्यायची. मग कातळावर जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं) कापड, त्यावर गडगा रचावा तशा चिऱ्यांच्या कोरड्या भिंती, आत मुरूम आणि दगडाची भुकटी पाणी मारून दाबलेली. उद्या कुणाला अधिक चांगली कल्पना सुचली, किंवा खाली चित्र आहे असं कळलं, तर चार गडी आठवड्यात सगळं उचलून बाजूला ठेवतील. खांब रोवायला कातळात भोकं पाडायची नाहीत. रेलिंगचे खांब चौथऱ्याच्या चिऱ्यांत बसवा.

गडग्याच्या बाबतीत कोकणातल्या माणसानं कोकणातल्या माणसाला सांगायची गोष्ट : फुरसं, हा बारका विषारी साप. कोरड्या भिंतीच्या फटी त्याला आवडतात. पायाला संवेदना नसलेल्या माणसाला चावलेलं कळणारही नाही. म्हणून उताराच्या आतल्या बाजूच्या, हाता-पायाजवळच्या फटी मातीच्या गिलाव्यानं बुजवा आणि दर हंगामाला बघून घ्या. शहरातल्या कुठल्या मार्गदर्शिकेत हे सापडणार नाही.

पाण्याचंही बघा. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सड्यावर तो मुरत नाही, वाहतो. साडेपंचवीस मीटरचा उतार म्हणजे पाण्याच्या वाटेत आडवा घातलेला बांधच. त्यामागे पाणी तुंबून चित्रांवर साठलं तर शेवाळ, गाळ आणि पुढे कातळाची झीज. जुलैत मुसळधार पावसात छत्री घेऊन एकदा सड्यावर जा, पाणी कुठून कुठे जातं त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, आणि मगच आखणी करा. या एका कारणासाठी मी तुम्हाला काम एक पावसाळा पुढे ढकला म्हणेन.

पायवाटेकडे येऊ. जांभा चालणाऱ्याला सपाट वाटतो, पण तो स्पंजासारखा भोकाभोकांचा असतो. व्हीलचेअरची पुढची चाकं लहान, ती त्या भोकांत बसतात आणि माणूस पुढे तोंडावर जातो. माझ्या कुबडीचं रबर एकदा असंच एका भोकात अडकून निघून आलं होतं आणि मी शुद्ध मराठीत जे बोललो ते सोबतच्या शिक्षकांनी मुलांना ऐकू दिलं नाही. पुढचं लहान चाक उचलून धरणारं मोठं सुटं चाक खुर्चीला जोडता येतं, आता भारतातही मिळतं. असं एक चाक मंडळानं विकत घेऊन वाडीत कुणाच्या तरी पडवीत ठेवलं, तर निम्मी अडचण सुटते. तोवर, ढकलणाऱ्यानं खुर्ची उलटी करून, मोठी चाकं पुढे ठेवून ओढत न्यावी.

रस्त्यापासून चौथऱ्यापर्यंतची वाट दाबलेल्या मुरमाची असू द्या, कडेला चिऱ्यांची ओळ, रुंदी १८०० मिलिमीटर, म्हणजे दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी अडत नाहीत. सिमेंटपेक्षा स्वस्त, उन्हात कमी तापते आणि काढता येते. दर पावसाळ्यानंतर डागडुजी लागेल, ते गणपतीनंतरच्या श्रमदानात धरा. चिरे अंथरून केलेली वाट दिसते सुंदर, पण पावसात तिच्यावर शेवाळ धरतं आणि मी कॅलिपर लावून तिच्यावर पाय ठेवणार नाही. दर तीसेक मीटरला टेकायला बाक हवा, पाठ आणि हात टेकता येईल असा. हा बाक व्हीलचेअरवाल्यापेक्षा गुडघे धरलेल्या आजीला आणि दम लागणाऱ्या हृदयरुग्णाला जास्त लागतो. येणाऱ्यांत हेच लोक संख्येनं अधिक असतात, पण अपंगांसाठी सोय म्हटलं की कुणाला ते आठवत नाहीत.

वाट चित्रांवरून नेऊ नका, हे सांगायला नको. पण चित्रांच्या मधूनही नेऊ नका, लोक वाटेवरून उतरतातच. एका कडेनं येऊन चौथऱ्यावर संपली पाहिजे.

आता कठडा. चित्रांभोवती लोखंडी गज रोवले की संरक्षण झालं, असं वाटतं. खारट हवेत ते चार-पाच वर्षांत गंजतात, गंजाचे ओघळ कातळावर उतरतात, फोटोत फक्त गज येतात. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीला कोरलेल्या हत्तीभोवती चिऱ्यांचीच गोल भिंत आहे, ती त्या सड्याचीच वाटते. गाव पाठीशी उभं राहिलं की काय होतं ते बघायला तिथे एकदा जाऊन या. तुमच्याकडे आधी चांगली वाट आणि चांगला चौथरा करा. बघायची जागा सोयीची असली की माणसं आपोआप तिथून बघतात. गुरं येत असतील तर लांबून एक गडगा घाला.

जगात या प्रकारच्या जागी काय केलंय? स्वीडनमध्ये तानुम इथे कातळावर कोरलेली होड्या-माणसांची चित्रं आहेत, १९९४ पासून जागतिक वारसा यादीत. तिथल्या व्हिटलिके या मुख्य कातळाशी लाकडी उताराची वाट नेलेली आहे. नॉर्वेतल्या आल्टाला चित्रांच्या बाजूबाजूनं लाकडी फळ्यांची लांब वाट आहे. दोन्हीकडे पूर्वी लोकांना नीट दिसावीत म्हणून चित्रं लाल रंगानं भरली होती. आल्टाला तो रंग पुढे मुद्दाम काढायला घेतला. आपल्याकडे फोटोसाठी रेघांत खडू किंवा रांगोळी भरणाऱ्यांनी यातून शिकावं. कमी दिसणाऱ्यांसाठीसुद्धा हे करू नका, त्यांच्यासाठी दुसरा उपाय पुढे सांगतो. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजला २०१३ मध्ये नवं अभ्यागत केंद्र झालं, ते शिळांपासून दोनेक किलोमीटर लांब. तिथून बस, बसमध्ये व्हीलचेअरची सोय. शिळांशेजारून जाणारा जुना रस्ताच बंद केला. म्हणजे गाड्या, स्वच्छतागृह, चहा, माहिती हे सगळं लांब आणि सोयीचं, शिळांजवळ फक्त माणूस. हा भाग तुमच्या कामाचा आहे. लाकडी फळ्यांची नक्कल मात्र करू नका, वाळवी दोन वर्षांत संपवेल.

खरं अवघड काम सड्यावर नसतंच. पुण्याहून किंवा मुंबईहून निघालेला व्हीलचेअरवरचा माणूस पहिली चौकशी चित्रांची करत नाही, संडासाची करतो. वाटेत पाणी प्यायचं की नाही, हे त्यावर ठरतं. सड्यावर नवं बांधायची गरज नाही, बांधूही नका. वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा बघा. विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी उतार आणि दांडे असलेलं स्वच्छतागृह बऱ्याच शाळांत बांधलेलं असतं आणि बऱ्याच शाळांत ते कुलूपबंद असतं, आत झाडू-खराटे आणि निवडणुकीचे जुने फलक. मुख्याध्यापकांशी बोला, किल्ली शेजारच्या घरात ठेवा, नळाला पाणी आहे याची खात्री करा. दार ९०० मिलिमीटर मोकळं उघडतंय का, आत खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ मिळतंय का, दार बाहेर उघडतं का, हे मोजा. एवढं झालं तर तुम्ही कितीतरी नावाजलेल्या स्मारकांच्या पुढे असाल. गाडी लावायची एक जागा ३.६ मीटर रुंद ठेवा, दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावता येईल इतकी.

वेळ आणि ऊन. मणक्याच्या इजेनंतर बऱ्याच जणांना इजेखालच्या भागात घाम येत नाही, शरीर तापत जातं आणि थंड होणं अवघड. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या सड्यावर अर्धा तास म्हणजे त्या माणसाला खरा धोका आहे. मंडळाला मेमध्ये चाकरमानी गावी येतात तेव्हा उद्‌घाटन हवं असणार, ठाऊक आहे मला. पण ते पहाटे ठेवा. चौथऱ्यावर गवताचा किंवा झापांचा मांडव घाला, दर वर्षी बदला. खुर्चीची लोखंडी कड उन्हात हात भाजते, हेसुद्धा भावाला विचारा. बघायचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वेळ सूर्य उगवल्यापासून दीड तास आणि मावळण्याआधी दीड तास. दुपारी बाराला कितीही उंच चौथऱ्यावरून बघा, रेघा दिसणारच नाहीत.

आणि तिन्हीसांजेनंतर एक प्रयोग करा. चांगला टॉर्च जमिनीलगत आडवा धरायचा, कातळाला जवळजवळ टेकवून. जी चित्रं दिवसा शोधावी लागतात ती काळ्या रेघांनी उठून येतात. कमी दिसणाऱ्या माणसांना मी नेहमी याच वेळी नेतो. त्यातल्या एकीनं मला सांगितलं होतं की दिवसा सगळे ‘ते बघ, ते बघ’ म्हणत होते आणि मी नुसती मान हलवत होते. टॉर्चच्या उजेडात तिनंच मला वाघाचे पंजे दाखवले.

अंध पाहुण्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. कोरलेली रेघ, म्हणजे हात लावून बघता येईल, असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. एक तर चित्रांवर बसून-रांगून हात फिरवणं म्हणजे रोजची झीज. शिवाय अठरा मीटरचा हत्ती हातानं कळतच नाही. सोंडेपासून शेपटापर्यंत पोचेस्तोवर सोंड विसरलेली असते. मी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, जांभ्याच्याच पाटीवर लहान प्रतिकृती. तुमच्याकडे चिरा घडवणारे हात आहेत, मोजून काढलेलं रेखाचित्र द्या, ते मूळ रेघेसारखीच रेघ कोरतील. पाटी साधारण दोन बाय दीड फूट, जमिनीपासून पाऊण मीटर उंच, खालून मोकळी, म्हणजे व्हीलचेअरचे गुडघे आत जातील. दुसरी, खऱ्या रुंदी-खोलीच्या रेघेचा हातभर तुकडा, ‘मूळ चित्रात रेघ एवढी आहे’ हे कळावं म्हणून. तिसरी मला सर्वात आवडते : दोरीचा हत्ती. चित्रांपासून लांब, रिकाम्या मैदानात, शाळेच्या पटांगणातही चालेल, खऱ्या मापाची बाह्यरेषा जाड काथ्याच्या दोरीनं मांडायची आणि त्या दोरीवरून पायानं चालत जायचं. हत्ती किती मोठा ते पाय सांगतात. पहिल्यांदा हे एका अंध मुलांच्या गटासाठी केलं, आणि डोळस शिक्षक त्यांच्या मागोमाग तीन फेऱ्या मारून आले.

गोव्यात सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ-पणसायमळला जांभ्यावर वर्तुळाकार चक्रव्यूह कोरलेला आहे. तसल्या आकृतीची हातभर पाटी केली तर बोट एकदा आत शिरलं की डोळस माणसालाही डोळे मिटावेसे वाटतात. तुमच्या सड्यावर असलं भौमितिक चित्र असेल तर पाटीसाठी ते आधी निवडा, हत्ती-वाघ नंतर.

बहिऱ्या पाहुण्यांसाठी फार खर्च नाही. वाटाड्या जे तोंडानं सांगतो ते चार पानांत सोप्या मराठीत छापा, आणि भारतीय सांकेतिक भाषेत पाच मिनिटांचा व्हिडिओ करून तो वाडीतल्याच दोन मोबाईलवर साठवून ठेवा. सड्यावर क्यूआर कोड लावून उपयोग नाही, तिथे रेंज नसते. वाटाड्यानं बोलताना तोंड लोकांकडे ठेवावं, हातातली काठी चित्राकडे. आधी दाखवा मग बोला, दोन्ही एकदम नको, कारण बहिरा माणूस एका वेळी एकीकडेच बघू शकतो.

स्वमग्न किंवा मतिमंद मुलं येणार असतील तर सड्याजवळच्या चिरेखाणींचं बघा. उभ्या कापलेल्या, कठडा नसलेल्या, कधी पाण्यानं भरलेल्या. एवढ्या मोकळ्या जागेत पोर पळणारच. चित्रांभोवतीच्या कठड्याचं लोखंड घेतलंच असेल, तर ते तिथे लावा.

कागदपत्रं. तुमची शिल्पं संरक्षित घोषित आहेत की नाहीत, ते राज्य पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरीच्या कार्यालयात विचारा. नसली तरी त्यांना कळवल्याशिवाय कुदळ मारू नका. कोकणातली नऊ ठिकाणं, त्यातली आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तुमचं त्यात असो वा नसो, त्यामुळे या सगळ्या सड्यांकडे आता लक्ष आहे. सातबाराही बघा. सड्याची जमीन बहुतेक सामाईक असते, अर्धे हिस्सेदार नालासोपाऱ्यात. एकाची सही राहिली की रॅम्प पूर्ण होण्याआधी भाऊबंदकी पूर्ण होते.

कुणी म्हणालंच की अपंगांची सोय ही ऐच्छिक गोष्ट आहे, तर २०१६ चा दिव्यांगजन हक्क अधिनियम पुढे ठेवा. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मोजलेत, व्हीलचेअर हा त्यातला एकच चेहरा. आणि सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलंय की सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, सरकारनं सक्तीची मानकं ठरवावीत. ग्रामपंचायतीच्या ठरावात या दोन ओळी घातल्या की जिल्हा नियोजनाकडे निधी मागताना वजन येतं. वर दिलेली मापं ठरावाला जोडण्याआधी सुगम्यतेबद्दलच्या केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांशी ताडून घ्या.

एक शंका तुम्ही पत्रात हळूच मांडली आहे : ‘ड्रोनचा व्हिडिओ टीव्हीवर दाखवला तर भागणार नाही का?’ ड्रोनचा व्हिडिओ जरूर करा, सगळ्यांसाठी, वरून दिसणारा हत्ती कुणालाच दुसऱ्या मार्गानं दिसत नाही. पण अपंगाला खाली टीव्हीपुढे बसवून बाकीच्यांनी सड्यावर जायचं, ही बोळवण झाली. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजच्या दगडी थडग्यातली वाट एकोणीस मीटर लांब आणि इतकी अरुंद आहे की खुर्ची जाणारच नाही, दगड हलवताही येत नाहीत. तिथे प्रतिकृती दाखवणं समजू शकतो. तुमचा सडा उघडा आहे, त्याला दार नाही, छत नाही. तिथे कुणी पोचू शकत नसेल तर ते आपण न केलेल्या वाटेमुळे.

पैशांचा क्रम असा लावा : शाळेतलं स्वच्छतागृह, मुरमाची वाट, चौथरा, पाट्या, सुटं चाक, मग उरलं तर बाकी. आणि आखणीला भावाला बोलवा. ‘सल्ला’ म्हणून शेवटच्या दिवशी नाही, चुन्याची पहिली रेघ मारताना. चुना अर्थातच कातळावर नको, दोरी आणि दगड ठेवून आखा. सुरुवातीला दोन ट्रॉल्या मुरूम नुसता पसरून त्याला त्यावरून एकट्यानं जाऊ द्या. तो जिथे थांबेल तिथे बाक, जिथे चाक रुतेल तिथे जास्त धुमस, जिथे वळून बघेल तिथे थोडी रुंदी. माझ्या टेपपेक्षा ते माप खरं.

मुरमाचा डंपर मात्र काही झालं तरी सड्यावर चढवू देऊ नका. ‘कातळच आहे, काय होतंय’ असं ड्रायव्हर म्हणणारच. गाडी डांबरी रस्त्यालाच रिकामी करा आणि तिथून घमेल्यानं वाहा.